ॲपमधला मजकूर कुठे ठेवायचा: स्ट्रिंग कॉन्स्टंटचा इतिहास

मोबाइल ॲपमधला प्रत्येक ठरावीक मजकूर प्रोग्रॅमरला कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. बटणावरचे ‘रद्द करा’, सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसमधल्या रकान्याचे नाव, एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनकडे माहिती पाठवताना तिला लावलेले ओळखनाव म्हणजे की, या सगळ्या अक्षरांच्या माळा म्हणजे स्ट्रिंग. ॲप चालू असताना जी बदलायची नाही, ती स्ट्रिंग कॉन्स्टंट. पाठ्यपुस्तकी मराठीत स्थिरांक. यात दोन जाती आहेत. एक मजकूर माणसाने वाचायचा असतो, दुसरा यंत्राने अक्षरास अक्षर जुळवून पाहायचा असतो. कोडमध्ये दोन्ही अवतरण चिन्हांतच लिहिले जात असल्याने ते सारखे दिसतात आणि सारखेच वागवले जातात. कॉन्स्टंट लिहिण्याच्या पद्धती गेली साठ-सत्तर वर्षे बदलत आल्या आहेत, त्या मुख्यतः ही गल्लत निस्तरण्यासाठी.

सुरुवातीला अवतरण चिन्हेही नव्हती. आयबीएमच्या ७०४ यंत्रासाठी १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये मजकूर लिहायचा तर आधी त्यातली अक्षरे मोजावी लागत. ‘हॅलो, वर्ल्ड’ हे इंग्रजीत छापायचे, तर स्वल्पविराम आणि मधली मोकळी जागा धरून बारा अक्षरे होतात. म्हणून आधी १२, मग एच हे अक्षर आणि त्याला लागून मजकूर. एच हे हरमन हॉलरिथ यांचे आद्याक्षर. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रित कार्डांची यंत्रे बनवणारे हॉलरिथ १९२९ मध्येच वारले होते, पण या मजकुराला नाव त्यांचेच मिळाले: हॉलरिथ कॉन्स्टंट. मोजताना चूक होऊन बाराच्या जागी तेरा लिहिले, की पुढचा कंस किंवा स्वल्पविराम मजकुरात ओढला जाई आणि उरलेल्या ओळीचा अर्थ कंपाइलरला लागेनासा होई. फोरट्रान ७७ मध्ये अक्षरांसाठी स्वतंत्र डेटा टाइप आला आणि हॉलरिथ कॉन्स्टंट मानकाच्या मुख्य भागातून बाहेर पडले.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत मोजणीची गरज उरली नाही. मजकूर दुहेरी अवतरणांत लिहायचा, आणि तो संपला कुठे हे कळावे म्हणून कंपाइलर शेवटी एक शून्य बाइट स्वतःहून जोडतो. मजकुराला नाव देण्यासाठी सीमध्ये हॅश-डिफाइन ही सोय होती. ती कंपाइलरच्या आधी चालते आणि नाव दिसेल तिथे मजकूर चिकटवून मोकळी होते. त्या नावाचा टाइप कोणता, ते कुठवर वैध, याची तिला फिकीर नसते. १९८९ च्या मानकाने ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांच्या सी++ मधला ‘कॉन्स्ट’ हा शब्द सीमध्ये आणला आणि कंपाइलरला माहीत असलेला, टाइप असलेला कॉन्स्टंट लिहिता येऊ लागला. सगळी अक्षरे कॅपिटल आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर, ही नावे लिहिण्याची रीत सीच्या मॅक्रोंमधून रूढ झाली. जावाने ती उचलली आणि अँड्रॉइडच्या कोडमध्ये ती आजही चालते.

इथवर सगळा मजकूर कोडच्या पोटात होता. तो बाहेर काढण्याचे काम ठळकपणे केले १९८४ च्या मॅकिंटॉशने. मॅकवरच्या फाइलला दोन शाखा असत: एकीत डेटा, दुसरीत रिसोर्स. ही दुसरी शाखा सांभाळणारा रिसोर्स मॅनेजर ब्रूस हॉर्न यांनी लिहिला. मेनू, खिडक्या, चित्रे यांच्या जोडीने मजकूरही तिथे ठेवला जाई. रिसोर्सच्या टाइपचे नाव चार अक्षरांचेच असावे असा नियम असल्याने एका वाक्यासाठी ‘एसटीआर’ आणि पुढे मुद्दाम सोडलेली मोकळी जागा, तर वाक्यांच्या यादीसाठी एसटीआर आणि हॅशचे चिन्ह, अशी नावे ठरली. प्रोग्रॅम नुसता क्रमांक सांगे आणि मजकूर मागून घेई. रेसएडिट नावाच्या साधनाने हा मजकूर उघडून बदलता येई, त्यासाठी कोड पुन्हा कंपाइल करावा लागत नसे. जर्मन किंवा फ्रेंच आवृत्ती काढणाऱ्याला पास्कल किंवा सी येण्याची गरज उरली नाही. या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच. पुढे मोबाइलने जे केले ते बहुतांशी हिचेच नवे रूप आहे.

१९८५ च्या विंडोजमध्येही स्ट्रिंग टेबल आले आणि तिथेही क्रमांकानेच मजकूर मागायचा होता. युनिक्सच्या जगात सन कंपनीने आणलेली आणि १९९५ पासून ग्नू प्रकल्पाने पसरवलेली गेटटेक्स्ट ही पद्धत मात्र निराळी निघाली. तिच्यात क्रमांक नाही, वेगळे नावही नाही. कोडमधले इंग्रजी वाक्य हीच की, आणि भाषांतर तिच्यासमोर लिहायचे. कोड वाचायला सोपा राहतो हा फायदा. पण इंग्रजी वाक्यातली स्पेलिंगची चूक सुधारली की की बदलते आणि सगळ्या भाषांतली जोडणी सुटते. शिवाय ‘ओपन’ हा एकच शब्द एका ठिकाणी ‘उघडा’ अशी आज्ञा असतो, दुसऱ्या ठिकाणी ‘उघडे आहे’ अशी स्थिती, आणि की एकच असल्याने भाषांतरकाराची पंचाईत होते. नेक्स्ट कंपनीच्या ओपनस्टेप प्रणालीत प्रत्येक भाषेचा वेगळा फोल्डर आणि त्यात ‘लोकलायझेबल डॉट स्ट्रिंग्ज’ ही फाइल असे. ॲपलने नेक्स्ट विकत घेतल्यावर ही मांडणी मॅकवर आली आणि २००८ मध्ये आयफोनची एसडीके निघाली तेव्हा तीही त्यात होती. आयफोनच्या कोडमध्ये इंग्रजी वाक्यच की म्हणून वापरण्याची सवय पुष्कळ दिसते. तिच्यासोबत खुलाशाचा एक शेरा लिहिण्याची जागा ॲपलने ठेवली आहे. प्रोग्रॅमर ती रिकामी सोडतात.

आयफोन आणि अँड्रॉइडच्या आधीच्या फोनांवर प्रश्न भाषेपेक्षा जागेचा होता. सायन कंपनीच्या इपॉक प्रणालीमधून निघालेल्या सिंबियनवर कॉन्स्टंट लिहिण्याचे दोन मॅक्रो होते. जुना ‘अंडरस्कोअर एल’ चालत्या प्रोग्रॅममध्ये दर वेळी एक तात्पुरती वस्तू उभी करी. नवा ‘अंडरस्कोअर लिट’ मजकूर आणि त्याची लांबी दोन्ही कंपाइल करतानाच बांधून ठेवी, म्हणून तोच वापरावा अशी शिफारस होती. नावाची सुरुवात कॅपिटल के ने करायची. पडद्यावर दिसणारा मजकूर मात्र रिसोर्स फाइलमध्ये आणि प्रत्येक भाषेची फाइल वेगळी, ही शिस्त सिंबियनने पाळली. ब्लॅकबेरीवरही कींची यादी एका फाइलीत आणि प्रत्येक भाषेचा मजकूर दुसरीत, अशी विभागणी होती.

साध्या फोनांवरच्या जावाची, म्हणजे जे-टू-एमईची, स्थिती याहून ओढगस्तीची. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० फोनांवर अख्खे ॲप ६४ केबीत बसवावे लागे. डेस्कटॉप जावामधले रिसोर्स बंडल या छोट्या आवृत्तीत नव्हतेच. जावाच्या प्रत्येक क्लास फाइलला स्वतःचा कॉन्स्टंट पूल असतो. तोच मजकूर पाच क्लासमध्ये वापरला तर पाच ठिकाणी साठवला जातो, आणि नवीन क्लास काढला की त्याचा स्वतःचा भार वेगळा. त्यामुळे क्लास वाढवायचेच नाहीत, सगळे कॉन्स्टंट एका ठिकाणी कोंबायचे, असा शिरस्ता पडला. काही जण मजकूर साध्या फाइलीत भरून ॲप सुरू होताना स्वतःच वाचून घेत. अँड्रॉइडच्या जुन्या प्रकल्पांत शेकडो ओळींची एकच ‘कॉन्स्टंट्स’ फाइल दिसते, तिला असा पूर्वज आहे. अँड्रॉइडवर तिचे ते कारण उरले नव्हते. डॅन बॉर्नस्टाइन यांनी आइसलँडमधल्या एका गावाचे नाव देऊन घडवलेल्या डाल्विक या व्हर्च्युअल मशीनसाठी सगळ्या क्लासचा कोड एका डेक्स फाइलीत एकत्र होई आणि तिच्यात प्रत्येक स्ट्रिंग एकदाच साठवली जाई.

देवनागरी मजकुराला कॉन्स्टंट होण्यासाठी आणखी एक अडथळा पार करावा लागला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये ठरले आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने ते प्रत्यक्ष वापरात आणले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. जावाने युनिकोड पहिल्यापासून स्वीकारले, पण तिच्या प्रॉपर्टीज फाइली मात्र पश्चिम युरोपीय लॅटिन-१ संकेतनात वाचल्या जात. ‘नमस्कार’ लिहायचे तर न साठी ०९२८, स साठी ०९३८ असे सात संकेतांक लिहावे लागत आणि मराठी भाषांतरकाराला आपलेच वाक्य वाचता येत नसे. या फाइली युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात वाचण्याची सोय २०१७ च्या जावा ९ मध्ये आली. ‘नमस्कार’ची लांबी हाही एक मासलाच आहे. जावा ती ७ सांगते, यूटीएफ-८ मध्ये तो शब्द २१ बाइट घेतो, आणि वाचणाऱ्याच्या हिशेबी अक्षरे चार. लांबीवर बटणाची रुंदी ठरवणारा कोड इथे फसतो.

अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली आणि आठवड्याभरात एसडीकेची पहिली झलक विकासकांना मिळाली. तिची मांडणी मॅकच्या रिसोर्सच्या वळणाची, पण क्रमांक माणसाने द्यायचे नाहीत. ‘व्हॅल्यूज’ फोल्डरमधल्या ‘स्ट्रिंग्ज डॉट एक्सएमएल’ या फाइलीत प्रोग्रॅमर एक नाव आणि त्याचा मजकूर लिहितो. बिल्ड करताना एएपीटी हे साधन प्रत्येक नावाला बत्तीस बिटांचा क्रमांक देते आणि ‘आर’ नावाच्या क्लासमध्ये त्या नावाचा पूर्णांकी कॉन्स्टंट तयार करते. मजकूर वेगळ्या तक्त्यात जातो. कोडमध्ये उरतो तो आर-डॉट-स्ट्रिंग-डॉट आणि पुढे नाव. नाव चुकले तर बिल्डच होत नाही. फोनची भाषा मराठी असेल तर मजकूर ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डरमधून येतो, तिथे तो नसेल तर मूळ फोल्डरमधून. सगळी शोधाशोध प्रणाली करते. कोडला भाषेचा पत्ताही नसतो.

हा क्रमांक सोळा-आधारी पद्धतीत लिहिला की त्याची घडण दिसते. पहिला बाइट पॅकेजचा, दुसरा रिसोर्सच्या प्रकाराचा, उरलेले दोन त्या नोंदीचे. ॲपच्या स्वतःच्या रिसोर्सचा पहिला बाइट ७एफ, अँड्रॉइड प्रणालीच्या रिसोर्सचा ०१. ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ हे शब्द प्रणालीकडे तयार असल्याने कित्येक ॲप ते तिथूनच घेतात. त्यामुळे ज्या ॲपचे मराठी भाषांतर झालेलेच नाही, त्यात प्रश्न इंग्रजीत आणि खालची बटणे मराठीत, असा संवाद फोनवर दिसतो. एक्सएमएलमधली एक खोच नवशिक्याला हमखास सापडते: ‘डोन्ट’सारख्या इंग्रजी शब्दातल्या वरच्या स्वल्पविरामाआधी बॅकस्लॅश लावावी लागते. मराठी मजकुराला हे चिन्ह क्वचितच लागते, तेव्हा हा त्रास इंग्रजी फाइल लिहिणाऱ्यालाच जास्त.

‘आर’ क्लासमधले क्रमांक खरेच कॉन्स्टंट आहेत का, यावरही बरेच पाणी वाहून गेले. जावाचा कंपाइलर ‘स्टॅटिक फायनल’ मूल्य थेट वापराच्या जागी उतरवतो. लायब्ररी बनवणाऱ्याने तिच्यातले मूल्य बदलले तरी तिच्यावर उभे असलेले ॲप पुन्हा कंपाइल होईपर्यंत जुनेच मूल्य वापरत राहते. रिसोर्सच्या बाबतीत हे अंगाशी येणारे होते, कारण लायब्ररीतल्या नोंदीचा अंतिम क्रमांक ॲप बांधताना ठरतो. म्हणून एडीटी या अँड्रॉइडच्या साधनसंचाच्या २०११ मधल्या १४ व्या आवृत्तीपासून लायब्ररी प्रकल्पांतल्या क्रमांकांवरचा ‘फायनल’ शब्द काढला गेला. ‘स्विच’ला कॉन्स्टंटच लागतात, त्यामुळे त्यात हे क्रमांक लिहिणाऱ्यांचा कोड त्या दिवशी मोडला आणि लोकांना ‘इफ-एल्स’च्या रांगा लावाव्या लागल्या. २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइन ८.० ने वेगळे सांगितले नसेल तर ॲपमधल्या क्रमांकांनाही हाच नियम लावला. बिल्ड लवकर उरकावे हे त्यामागचे कारण.

यंत्राने वाचायच्या मजकुराची कथा वेगळी. अँड्रॉइडमध्ये एक स्क्रीन दुसऱ्या स्क्रीनला माहिती देते ती इंटेंट नावाच्या निरोपातून, आणि प्रत्येक मूल्याला एक स्ट्रिंग की असते. पाठवणाऱ्याने ‘यूजर’ आणि ‘आयडी’ हे शब्द अंडरस्कोअरने जोडले आणि घेणाऱ्याने ते सलग लिहिले, तर कंपाइलर गप्प बसतो. पलीकडे मूल्य पोचत नाही आणि स्क्रीन रिकामी दिसते. तीच की एका कॉन्स्टंटमध्ये लिहून दोन्हीकडे कॉन्स्टंटचे नाव वापरले, तर नावातली चूक बिल्डच्या वेळीच पकडली जाते. कॉन्स्टंट लिहिण्याचे खरे कारण हे आहे. ‘एके ठिकाणी बदलले की सगळीकडे बदलते’ हे पुस्तकात नेहमी दिले जाणारे कारण दुय्यम म्हणावे लागेल. की सहसा बदलली जातच नाही, आणि जुना डेटा असलेल्या फोनवर बदलून चालतही नाही. खऱ्या कारणाचा विसर पडला की स्वल्पविरामाला ‘कॉमा’ नावाचा कॉन्स्टंट काढण्यापर्यंत मजल जाते.

हे कॉन्स्टंट लिहायचे कुठे, यावर जावावाल्यांनी पुष्कळ शाई खर्च केली. एका इंटरफेसमध्ये सगळे लिहून प्रत्येक क्लासने तो इंटरफेस लागू करायचा, ही पळवाट लोकप्रिय होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात तिला स्पष्ट नकार दिला, कारण क्लासची आतली सोय त्याच्या जाहीर रूपाचा भाग होऊन बसते. अँड्रॉइडमध्ये लॉगसाठी प्रत्येक क्लासमध्ये ‘टॅग’ नावाचा कॉन्स्टंट लिहिण्याचा रिवाज पडला. त्यालाही एक मजेदार मर्यादा होती: अँड्रॉइड ७ पर्यंत तो २३ अक्षरांहून मोठा असेल तर लॉगची पातळी तपासताना ॲप कोसळू शकत असे. गुगलने २०१७ मध्ये कोटलिन भाषेला अधिकृत मान्यता दिल्यावर तिच्यातले ‘कॉन्स्ट व्हॅल’ अँड्रॉइडवर रुळले. ते क्लासबाहेर, फाइलीच्या माथ्यावरही लिहिता येते, त्यामुळे इंटरफेसचा वाद आपोआप मिटला.

आयफोनवर ऑब्जेक्टिव्ह-सीच्या काळात घोळ तारकेचा होता. स्ट्रिंगकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरची तारका आणि ‘कॉन्स्ट’ हा शब्द यांचा क्रम महत्त्वाचा. ‘कॉन्स्ट’ तारकेनंतर लिहिले तर पॉइंटर स्थिर होतो आणि ते नाव दुसऱ्या मजकुराकडे वळवता येत नाही. तारकेआधी लिहिले तर स्थिर होते ती दाखवलेली वस्तू. एनएसस्ट्रिंग ही तिथली स्ट्रिंग मुळातच न बदलणारी असल्याने हे लिहून हाती काही लागत नाही आणि नाव खुशाल दुसरीकडे वळते. कोड दोन्ही प्रकारे कंपाइल होतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे प्रकल्पांत पडून राहत असे. २०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टने ‘लेट’ हा एकच शब्द देऊन ती मुळातून काढली. स्विफ्ट लिहिणारे कॉन्स्टंट एखाद्या रिकाम्या ईनममध्ये गटवारीने ठेवतात. ज्याची वस्तू बनवताच येत नाही असा तो नुसता डबा असतो.

तिसरी एक जात आहे, जिला कॉन्स्टंट करूच नये: पासवर्ड, सर्व्हरच्या गुप्त की. अँड्रॉइड ॲप ज्या एपीके फाइलीत येते, ती अखेर झिप फाइलच. प्रोगार्ड आणि आर-एट ही साधने क्लासची आणि मेथडची नावे बदलून टाकतात, स्ट्रिंगमधला मजकूर जसाच्या तसा सोडतात. फाइल उघडून वाचणाऱ्याला तो काही मिनिटांत मिळतो.

माणसाने वाचायच्या मजकुराकडे परत यायचे तर मराठीचा मुद्दा येतो. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये प्रणालीची भाषा म्हणून मराठी दाखल झाली. बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि नेपाळी त्याच वेळी आल्या. इंग्रजीच्या घाटात लिहिलेले कॉन्स्टंट इथे उघडे पडले. कोडमध्ये वाक्याचे तुकडे करून मध्ये नाव जोडायची सवय इंग्रजीत खपून जाते, मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि तुकडे उलटे बसतात. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण वाक्य एकाच कॉन्स्टंटमध्ये लिहायचे आणि बदलत्या भागांना क्रमांक द्यायचे, म्हणजे भाषांतरकार दुसरा भाग आधी घेऊ शकतो. अनेकवचनासाठी अँड्रॉइडमध्ये ‘प्लुरल्स’ आहे. त्यात सहा खाने असून अरबीला ते सगळे लागतात, मराठीचे दोनात भागते. लिंगाचा प्रश्न मराठी भाषांतरकारांनी ‘तुम्ही’ वापरून सोडवला: ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवावे लागत नाही. वाचणाऱ्याच्या व्याकरणिक लिंगानुसार मजकूर निवडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आली ती २०२३ च्या १४ व्या आवृत्तीत.

सामान्यरूपापुढे मात्र ही मांडणी थांबते. इंग्रजीत गावाच्या नावाआधी ‘इन’ लिहून रिकाम्या जागेत कोणतेही नाव भरता येते. मराठीत त्या जागी ‘पुणे’ आले की ‘पुण्यात’ हवे, ‘सातारा’ आले की ‘साताऱ्यात’, ‘नागपूर’ आले की ‘नागपुरात’. कॉन्स्टंटमध्ये ‘मध्ये’ लिहून ठेवले तर पडद्यावर ‘पुणे मध्ये’ उमटते. स्ट्रिंग्ज डॉट एक्सएमएलमध्ये आत भरलेल्या नावाचे रूप बदलण्याची सोय नाही. म्हणून जाणकार भाषांतरकार वाक्यच टाळतो आणि ‘ठिकाण: पुणे’ असे लिहितो.